फोन नवा, माणसं तीच: इंटरनेटवरून बोलायला शिकताना

स्मार्टफोन हाती आला की पहिले आठ दिवस घरच्या पाच-सहा जणांशीच बोला. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, देवस्थानाचा ग्रुप, सगळे थांबतील. नव्याने शिकणाऱ्याचं गाडं बटणांपाशी क्वचितच अडतं. निरोप पोचला का, पोचला तर वाचला का, वाचूनही समोरचा गप्प का, इथे ते अडतं. हे घरच्या माणसांबरोबर चुकतमाकत शिकलेलं बरं, कारण ती रुसली तरी संध्याकाळपर्यंत फोन करतात.

इंटरनेट निरोप क्षणात नेतं आणि रिचार्जपलीकडे पैसे मागत नाही. पण आवाजातला सूर वाटेतच गळतो आणि समोरचा माणूस त्या वेळी कोणत्या अवस्थेत आहे ते दिसत नाही. म्हणून खरी शिकायची गोष्ट एकच: कोणता निरोप कोणत्या वाटेने धाडायचा. पुढची माहिती व्हॉट्सॲप, अँड्रॉइड फोन आणि इंग्रजी मेनू धरून दिली आहे. मेनूतली नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

पहिल्या संध्याकाळी: चार गोष्टी, वीस मिनिटं

चहा घेऊन बसा, व्हॉट्सॲप उघडा आणि त्याच्याच सेटिंग्जमध्ये (फोनच्या नव्हे) या क्रमाने करा.

1. सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. इथे सहा आकडी पिन ठेवा. जन्मतारीख किंवा 123456 नको. खाली ईमेल विचारतो, तोही द्या, म्हणजे पिन विसरलात तर सुटका होते. खातं चोरीला जाण्याविरुद्धचं हे सर्वात मोठं कुलूप आहे आणि बहुतेक जण तेच लावायचं विसरतात.

2. सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स. 'एव्हरीवन'च्या जागी 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. नाहीतर कुठलाही अनोळखी माणूस तुम्हाला 'शेअर बाजार टिप्स'च्या ग्रुपात ओढून नेऊ शकतो.

3. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मीडिया ऑटो-डाउनलोड. मोबाइल डेटा आणि वाय-फाय, दोन्हीकडे फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, सगळ्यांवरची खूण काढा. यापुढे जे बघायचं त्यावर बोट ठेवलं तरच ते उतरेल. फोन भरून हळू चालण्याच्या तक्रारी निम्म्या इथेच मिटतात.

4. सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्स. 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू करा. अनोळखी नंबरांवरून आलेल्या व्हॉट्सॲप कॉलची घंटी वाजत नाही, यादीत मात्र तो दिसतो.

मग नंबर साठवा. परदेशातला नंबर अधिक चिन्ह आणि देशाचा आकडा लावूनच साठवावा लागतो: अमेरिकेसाठी +1, ब्रिटनसाठी +44. ब्रिटनमधली मंडळी आपला नंबर शून्यापासून सांगतात. +44 लावलं की ते शून्य गाळायचं. भाचा लंडनला आहे, नंबर बरोबर आहे, तरी व्हॉट्सॲपवर दिसत नाही, या कोड्याचं उत्तर बहुधा ते शून्यच असतं.

टिका वाचायला शिका

निरोपाच्या कोपऱ्यात घड्याळ दिसतंय म्हणजे तो अजून तुमच्याच फोनमध्ये आहे. एक करडी टीक म्हणजे तुमच्याकडून निघाला, पण समोरच्याच्या फोनवर उतरला नाही. त्याचा फोन बंद असेल, नेट नसेल. असा न उतरलेला निरोप कंपनीकडे 30 दिवस पडून राहतो, मग पुसला जातो. दोन करड्या टिका म्हणजे फोनवर उतरला. दोन निळ्या म्हणजे त्याने ती चॅट उघडली.

'उघडली' आणि 'वाचली' यांत फरक आहे, आणि 'वाचली' आणि 'समजली' यांत त्याहून मोठा. सून ऑफिसात असताना निरोप उघडते, नंतर उत्तर देऊ म्हणते आणि विसरते. इकडे सासूबाई दोन निळ्या टिका बघत बसलेल्या. घरोघरच्या रुसव्यांचं हे नवं कारण आहे. ज्यांना याचा त्रास होतो त्यांनी प्रायव्हसीत जाऊन 'रीड रिसीट्स' बंद करावं. मग तुमच्या निळ्या टिका इतरांना दिसणार नाहीत, त्यांच्या तुम्हाला दिसणार नाहीत. ग्रुपमध्ये मात्र त्या चालूच राहतात. तिथे निळ्या टिका सगळ्यांनी बघितल्यावरच उमटतात. कोणी बघितलं, कोणी नाही हे पाहायचं तर आपल्या निरोपावर बोट दाबून ठेवा आणि 'इन्फो' उघडा.

या टिकांना कोर्टातही वजन आलं आहे. जून 2018 मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सॲपवर धाडलेली पीडीएफ नोटीस पोचल्याचं मान्य केलं. निळ्या टिका होत्या आणि फाइल उघडलेलीही दिसत होती. तेव्हा 'मला काही मिळालंच नाही' ही जुनी सबब इथे टिकेलच असं नाही.

मराठीत लिहा, मराठी अक्षरांत

इंग्रजी अक्षरांतलं मराठी पटकन लिहून होतं, पण वाचणाऱ्याला कोडं घालतं. के-ए-एल ही तीन अक्षरं घ्या. काल, काळ, कळ, कल, काहीही वाचा. 'बाबांना छातीत कळ आली' असं लिहायचंय आणि वाचणारा 'काल'शी झटापट करत बसलाय, हे परवडणारं नाही.

जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, बहुतेक अँड्रॉइड फोनवर असतोच. तो उघडा, वरच्या दातेरी चक्रावर बोट ठेवा, लँग्वेजेस, ॲड कीबोर्ड, मराठी. तीन प्रकार दिसतील: मराठी अक्षरांचा, इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारा आणि बोटाने गिरवायचा. ज्यांचा हात कागदावर चालतो त्यांना गिरवायचा लवकर जमतो. आकाराने मोठं आणि सुटं गिरवा, जोडाक्षरं घाई न करता. कीबोर्ड बदलायला स्पेसबार दाबून धरायचा.

बोलून लिहायचं तर कीबोर्डवरचा माइक दाबा. वाक्यं बऱ्यापैकी उमटतात. चुका होतात त्या आडनावांत, गावांच्या नावांत आणि आकड्यांत. विरामचिन्हं फारशी येत नाहीत, त्यामुळे 'येऊ नका थांबतो' असं काहीतरी उमटतं आणि येऊ की नको हे वाचणाऱ्याने ठरवायचं. धाडण्याआधी एकदा वाचा. एवढी एकच सवय लावलीत तरी पुष्कळ.

निरोप तारेसारखा लिहा

आपल्याकडे तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, पण तिची शिस्त घेण्यासारखी आहे. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून कोण, कुठे, कधी एवढंच लिहिलं जाई. आता पैसे पडत नाहीत म्हणून आपण सुटलो आहोत.

समजा तुम्ही रात्री साडेअकराला लिहिलंत, 'उद्या सकाळी येतोय.' मेहुण्याचा फोन बंद होता. त्याने सकाळी सातला तो चालू केला, निरोप उतरला, आणि 'उद्या' एक दिवस पुढे सरकला. तुम्ही स्वारगेटला उतरून उभे, आणि तो घरी निवांत. निरोपात उद्या-परवा लिहूच नये. वार आणि तारीख लिहावी: 'मंगळवार 14 तारखेला सकाळी 9 पर्यंत स्वारगेटला उतरेन. सोबत आई आहे, दोन बॅगा आहेत. न्यायला येणार असलास तर कळव, नाहीतर रिक्षाने येतो.' यात उत्तर काय हवंय तेही आलं.

एका निरोपात एकच प्रश्न घाला. तीन विचारलेत तर शेवटच्याचंच उत्तर येतं.

'बरं' हा शब्द जपून वापरा. तोंडाने म्हटलेलं 'बरं' दहा तऱ्हांचं असतं: होकाराचं, कंटाळ्याचं, 'बघून घेईन'चं. पडद्यावर ते नेमकं रागावलेलं दिसतं. 'हो, चालेल' म्हणा, दोन अक्षरं जास्त लागतील.

चूक झाली तर पाठवल्यापासून 15 मिनिटांपर्यंत निरोप दुरुस्त करता येतो: बोट दाबून धरा, तीन टिंबं, एडिट. पूर्ण पुसायला साधारण अडीच दिवसांची मुदत असते. तिथे 'डिलीट फॉर एव्हरीवन'वरच बोट ठेवा. 'डिलीट फॉर मी' दाबलंत तर तो फक्त तुमच्या डोळ्यांसमोरून जातो, बाकी सगळे वाचत राहतात. असं झालंच तर खाली काही सेकंद 'अनडू' दिसतं, तेवढ्यात ते दाबायचं.

आवाज आणि चेहरा

ज्यांना टायपिंग नकोसं वाटतं त्यांना व्हॉइस मेसेज वरदान आहे. माइक दाबून धरा आणि बोला. बोट वर सरकवलंत तर तो लॉक होतो, मग दाबून ठेवायला नको. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, जी घरात बोलता तीच बोला. 

त्याची दुसरी बाजू अशी, की ऐकणाऱ्याला कान मोकळे लागतात. लोकलमध्ये उभ्या असलेल्या मुलाला तुमचा चार मिनिटांचा मेसेज ऐकता येत नाही, त्यातलं औषधाचं नाव शोधता येत नाही, वर नजर टाकून विषय कळत नाही. अर्धा-पाऊण मिनिट पुरे. नाव, पत्ता, रक्कम, गोळीचं नाव या गोष्टी मात्र लिहूनच.

कॉलला ढोबळमानाने मिनिटाला एक एमबीच्या आसपास किंवा त्याहून कमी डेटा लागतो, व्हिडिओला त्याच्या पाच-सहा पट. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर तासभराच्या व्हिडिओ कॉलने घाबरून जायचं कारण नाही. आवाज तुटायला लागला तर आधी कॅमेरा बंद करा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. चेहरा काळा दिसतो कारण खिडकी पाठीमागे असते, तोंड खिडकीकडे करून बसा. आपलाच आवाज परत ऐकू येत असेल तर समोरच्याने स्पीकर मोठा ठेवलाय. एकाने इअरफोन लावला की मिटतं.

परदेशात फोन करताना घड्याळाचं गणित भिंतीवर लिहून ठेवा. न्यू यॉर्क-न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे, थंडीत साडेदहा. लंडन साडेचार, थंडीत साडेपाच. तिकडची घड्याळं मार्चमध्ये आणि पुन्हा शरद ऋतूत तासाने सरकतात, आपली नाही. आपल्या संध्याकाळी सातला न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात आणि नातवंडं शाळेला निघालेली असतात. मग 'हल्ली फोनच उचलत नाहीत' असं वाटतं ते या एका तासामुळे. दुबई बाराही महिने दीड तास मागे आहे, पण तिथली अडचण वेगळी. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर लेखी निरोप चालतात, कॉल सहसा लागत नाहीत. तिथली मंडळी बोटिमसारखं परवानगी असलेलं ॲप वापरतात, तेच तुम्हीही घ्या.

फोटो

व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. नातवाचा फोटो पाहायला ते पुरे, पण फ्रेम करायचा असेल किंवा सातबारा, रिपोर्ट, मार्कशीट धाडायची असेल तर क्लिपच्या खुणेवरून 'डॉक्युमेंट' निवडून पाठवा. तेव्हा फाइल जशीच्या तशी जाते. आधार मागितलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आणि फोटोखाली दोन शब्द लिहा. ग्रुपवर कुणी आजोबांचा हसरा फोटो नुसताच टाकला की पाचव्या मिनिटाला पहिली 'भावपूर्ण श्रद्धांजली' येते, तिच्यामागे वीस येतात, आणि आजोबा पंचाहत्तरीचा केक कापत असतात.

ग्रुप: सोयीचा आणि डोकेदुखीचाही

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी आठला सेक्रेटरी लिहितात, 'आज टाकी धुणार, 11 ते 4 पाणी नाही.' त्यावर सुप्रभातची फुलं, एक सुविचार, 'धन्यवाद' बारा वेळा, कुणाचा तरी वाढदिवस आणि त्याच्या शुभेच्छा. साडेदहाला उघडणाऱ्याला पाणी सापडतच नाही. दोष सेक्रेटरींचा नाही आणि फुलं टाकणाऱ्यांचाही नाही. सूचना आणि गप्पा एका नळातून सोडल्या की असंच होणार.

उपाय: दोन ग्रुप करा. सूचनांच्या ग्रुपात ग्रुपच्या नावावर बोट ठेवून ग्रुप परमिशन्समध्ये जा आणि 'सेंड मेसेजेस' फक्त ॲडमिनपुरतं, म्हणजे ग्रुप चालवणाऱ्यांपुरतं ठेवा. गप्पांचा ग्रुप मोकळा सोडा, ज्यांना त्याची घंटी नको ते 'म्यूट'मध्ये 'ऑलवेज' निवडतील. म्यूट केल्याचं कुणाला कळत नाही, त्यामुळे भिडस्त माणसांनी ते बिनधास्त करावं. ग्रुप सोडणं ॲडमिनला दिसतं आणि आपल्याकडे त्याची चर्चा होते.

ॲडमिन होण्याची भीती अनेकांना वाटते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलं आहे, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कुणी दोषी ठरत नाही, त्यात त्याचा सामाईक हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसायला हवा. तरी असला मजकूर दिसला की पुसावा. ॲडमिनला तो अधिकार ॲपने दिलेला आहे.

मृत्यूची बातमी ग्रुपवर जाते ती सगळ्यांना एकदम कळावी म्हणून, आणि ते ठीकच आहे. पण जवळच्यांना आधी फोन करा. सख्ख्या बहिणीने भावाचं जाणं ग्रुपवर वाचू नये. त्या बातमीखाली अंगठा तर मुळीच दाबू नका. दाबणाऱ्याला 'वाचलं' म्हणायचं असतं, घरच्यांना 'छान' दिसतं.

फॉरवर्ड करण्याआधी

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षुकीवर फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते, मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा त्या दिवसांत फोनाफोनी पसरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. फार फिरलेल्या निरोपावर दोन बाण दिसतात आणि 2020 पासून तो एका वेळी एकाच चॅटमध्ये ढकलता येतो.

दोन बाण दिसले की तो मजकूर ओळखीच्या माणसाकडून आला असला तरी त्याने लिहिलेला नाही, एवढं ध्यानात घ्या. त्यात तारीख आहे का? गाव, पोलिस ठाणं, रुग्णालयाचं नाव आहे का? 'आजच', 'कालच', 'आपल्या भागात' असे शब्द मजकूर कधीच शिळा होऊ नये म्हणून घातलेले असतात. फोटो असेल तर गूगल लेन्सला (फोटोवरून शोधणाऱ्या ॲपला) दाखवा, तोच फोटो पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या देशाच्या बातमीत सापडतो. रक्त हवंय, मूल हरवलंय, असा निरोप असेल तर त्यातल्या नंबरवर आधी स्वतः फोन लावा, मगच पुढे ढकला. बरेचदा मूल कधीच सापडलेलं असतं आणि तिकडचे आईबाप फोन उचलून थकलेले असतात.

पैसे आणि खातं लुटणारे

युक्त्या बदलत राहतील, सध्या या चार नेहमीच्या आहेत.

'चुकून माझा सहा आकडी कोड तुमच्याकडे आलाय, सांगता का?' हा ओळखीच्या नावाने येतो, कारण त्या ओळखीच्याचं खातं आधीच गेलेलं असतं. तो कोड तुमच्या खात्याची किल्ली आहे. दिलात की तुमचं खातं दुसऱ्याच्या फोनवर, आणि तुमच्या नावाने तुमच्या नातेवाइकांकडे दहा-दहा हजारांची मागणी. असं झालंच तर लगेच आपल्या फोनवर आपल्या नंबरने पुन्हा नोंदणी करा, चोर बाहेर फेकला जातो. त्याने पिन लावून ठेवला असेल तर सात दिवस थांबावं लागतं. म्हणून तो पिन आपणच आधी लावायचा.

लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून आलेली, नावाच्या शेवटी 'एपीके' असलेली फाइल. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, व्हिडिओ असते. एपीके म्हणजे ॲप, आणि ते तुमचे ओटीपी वाचायला येतं.

'पार्सल अडकलंय, स्टार चारशे एक लावून हा नंबर डायल करा.' त्याने तुमचे येणारे कॉल दुसरीकडे वळतात. केलंच असेल तर ##002# डायल करा, वळवणं रद्द होतं.

गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट' सांगतो. असली अटक कायद्यात नाही. कॉल तोडा. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला 1930 ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येणं वेळेवर अवलंबून आहे.

नेट नसेल तेव्हा

पावसात टॉवरची वीज जाते, राउटर बंद पडतो, पॅक संपतो. व्हॉट्सॲपवरून 112 किंवा 108 लागत नाही, ते साध्या फोनमधूनच लावायचे. रात्री छातीत दुखलं, कुणी पडलं, तर निरोप टाइप करत बसू नका. एक टीक उमटून तो तिथेच राहील आणि मुलगा सकाळी वाचेल. साधा कॉल लावा, घंटी वाजू द्या.

आणि एका कागदावर पाच नंबर ठळक लिहून फ्रिजवर चिकटवा: मुलगा, मुलगी, शेजारी, डॉक्टर, रिक्षावाला. फोनची बॅटरी संपल्यावर शेजाऱ्याच्या फोनवरून लावायला तेच हाताशी असतील, कारण हल्ली कुणाचाच नंबर कुणाला पाठ नसतो.